मामांचा डबा आणि चिरंजिवांचा पेला

दिवाळी अंकाच्या पानावर चकली-अनारशांच्या शेजारी बीअरचा पेला मांडायचा म्हणजे जरा धारिष्टाचेच काम. विषय ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी "विद्यार्थ्यांचे पालक काय म्हणतील?" असा सवाल टाकला. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, मी बीअरचा भोक्ता नव्हे. मी मराठी शिकवतो, चहा पितो, आणि वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी चारचौघांत अर्धा पेला घेऊन तो तासभर पुरवतो. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मिलवॉकी येथे सौ.च्या मामांकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला, आणि त्या घरात बापलेकांमध्ये जे शीतयुद्ध चालले होते त्याचे कारण बीअर हेच होते. त्याची हकीकत सांगावयाची, तर बीअर टाळून कशी सांगणार?

मामा १९७८ साली शिकावयास म्हणून तिकडे गेले आणि यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. आता सत्तरीचे आहेत. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमधून 'मिलर लाइट'चा पांढरा-निळा डबा काढायचा, तो सावकाश संपवायचा, की झाले. दुसरा डबा नाही, दुसरी जात नाही. चिरंजीव चौतिशीचे. त्यांनी इंजिनियरची चांगली नोकरी सोडून दोन मित्रांच्या भागीत एका जुन्या गोदामात स्वतःची छोटी ब्रूअरी काढली आहे. मामांनी तेथे उद्घाटनाच्या दिवशी पाऊल ठेवले, ते पुन्हा म्हणून नाही!

मी गेलो त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर पहिली फैर झडली.

"बाबा, ते पाणी आहे," चिरंजीव म्हणाले.

"आणि तुझा तो काढा आहे. माझी आजी द्यायची तसला."

मामींनी माझ्या पानात आमटी वाढली आणि डोळ्यांनीच 'चालायचेच' असे सुचवले.

वास्तविक हे भांडण त्या शहराला शोभणारेच. मिलवॉकी म्हणजे अमेरिकेचे बीअरनगर. १८४० नंतर जर्मन लोक तेथे मोठ्या संख्येने येऊन वसले आणि त्यांनी लागर पद्धतीची, थंडाव्यात मुरवलेली बीअर बरोबर आणली. मिलर, पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ ही चारही बडी घराणी याच गावची. गावच्या बेसबॉल संघाचे नावसुद्धा ब्रूअर्स! १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी आली, त्यात असंख्य लहान कारखाने बुडाले. जे तगले ते वाढत गेले आणि त्यांनी उरलेल्यांना गिळले. १९७८ च्या सुमारास, म्हणजे मामा विमानातून उतरले तेव्हा, त्या खंडप्राय देशात शंभरदेखील ब्रूअऱ्या उरल्या नव्हत्या.

योगायोग असा की, त्याच साली अध्यक्ष कार्टर यांनी घरच्या घरी बीअर बनविण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. मग तळघरांतून आणि गॅरेजांतून हौशी मंडळी डेगी चढवू लागली. केन ग्रॉसमन नावाच्या अशाच एका हौशी गृहस्थाने १९८० साली कॅलिफोर्नियात 'सिएरा नेवाडा' सुरू केली. पुढे तिचे मोठे प्रस्थ झाले. आज त्या देशात नऊ हजारांच्या वर ब्रूअऱ्या आहेत. त्यांतली एक आमच्या मेहुण्यांची.

आता मामांच्या डब्याविषयी. 'लाइट' म्हणजे पाणी घातलेली बीअर असा माझा समज होता, तो चिरंजिवांनीच दूर केला. (शत्रूचे गुण सांगताना मनुष्य प्रामाणिक असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.) जव भिजवून मोड आणायचे, सुकवायचे, भरडून गरम पाण्यात घालायचे, की त्यातल्या पिठाची साखर होते. ही साखर यीस्ट खाते आणि तिची दारू होते. परंतु काही साखरेचे रेणू इतके मोठे असतात की, यीस्टच्या तोंडात ते मावत नाहीत. ते तसेच मागे राहतात, आणि बीअरला जो एक भरदारपणा येतो तो त्यांच्यामुळे. लाइट बीअरमध्ये एक विशिष्ट पाचक द्रव्य घालून हे मोठे रेणू तोडतात, म्हणजे यीस्ट तेही फस्त करते. मग जी जादा दारू होते तिच्यात पाणी घालून ती बेताची करतात. ३५५ मिलिलिटरच्या साध्या डब्यात दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, मामांच्या डब्यात ९६. ही युक्ती प्रथम १९६७ साली 'डाएट बीअर' या नावाने बाजारात आली आणि साफ आपटली. पथ्याची बीअर कोण पिणार? मिलरवाल्यांनी १९७५ साली तीच गोष्ट देशभर विकली ती धिप्पाड खेळाडूंना जाहिरातीत उभे करून. पोट भरल्यासारखे होत नाही, म्हणून आणखी पिता येते, हा त्यातला मथितार्थ. झाले! पथ्याचे पौरुष झाले.

चिरंजिवांचा पंथ याच्या अगदी उलट. त्यांचे मुख्य दैवत हॉप्स. ही एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुले. कडवटपणा आणि सुगंध त्यांचा. १९७२ साली अमेरिकेत 'कॅस्केड' नावाची हॉप्सची जात प्रचारात आली, तिला पपनसाच्या सालीसारखा वास येतो, आणि नव्या बीअरवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. तिचा सढळ वापर असतो तो 'इंडिया पेल एल' या प्रकारात. यातल्या 'इंडिया'ने माझे कान टवकारले. ही बीअर म्हणे हिंदुस्थानच्या प्रवासासाठी मुद्दाम शोधून काढली. ही दंतकथाच, भरपूर हॉप्स घातलेली फिकी बीअर इंग्लंडात आधीपासून होती, ती मुंबई-कलकत्त्याला जहाजाने येई आणि प्रवासात चांगली मुरे, इतकेच. आणि गंमत पाहा : ती पिणार साहेबलोक, बराकीतला गोरा शिपाई प्यायचा काळीभोर पोर्टर. म्हणजे आपल्या पेल्यावरून आपली पायरी दाखविण्याची चाल आमच्या मुंबई बंदरात दोनशे वर्षांपूर्वी चालू होती तर!

थोडे विषयांतर होते, पण भाषेच्या मास्तराला क्षमा असावी. पुण्यात २००९ साली स्वतःची ताजी बीअर बनवून देणारे जे 'डूलाली' निघाले, त्याचे नाव म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. तेथल्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत आणि उन्हाने, कंटाळ्याने त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत भ्रमिष्टाला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. हे सांगितल्यावर चिरंजीव इतके खूष झाले की, पुढच्या बीअरला हेच नाव द्यावे की काय, असा विचार करू लागले. महाराष्ट्रात बीअर प्यायला कायद्याने परवाना लागतो, हे मात्र त्यांना काही केल्या पटेना.

चिरंजिवांच्या ब्रूअरीत मी दोनदा गेलो. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बीअरचे वर्णन खडूने लिहिले होते : पपनसाची साल, पाइनचा डिंक, ओले गवत, अंमळ मध. वाचता वाचता मला घरच्यासारखे वाटू लागले. आम्ही मराठीचे प्राध्यापक कवितांविषयी दुसरे काय लिहितो? त्यांच्या मित्रमंडळींत बोलणेही आमच्या चर्चासत्रासारखेच. मोठ्या कारखान्याची बीअर पिणाऱ्याविषयी ते वाईट बोलत नाहीत, नुसते हसतात.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढच्या रविवारी कळला. चिरंजीव चार मित्रांना घेऊन घरी येणार होते. मामा दुपारी गॅरेजमध्ये काय करीत आहेत म्हणून डोकावलो, तर फ्रिजमधले डबे ते मागच्या बाजूला सरकवीत होते, आणि पुढे लोणच्याच्या बरण्या मांडीत होते. मला पाहून ओशाळले. म्हणाले, "उगाच मुलाला खाली बघायला नको, जावईबापू."

वाचकहो, मला जागच्या जागी घाम फुटला. माझे वडील पोस्टात कारकून. संध्याकाळी कचेरीतून आले की, गल्लीतल्या वाचनालयातून आणलेली बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा घेऊन बसत. झुंजार, काळापहाड ही त्यांची दोस्तमंडळी. मी एम.ए.ला असताना एकदा मित्रांच्या देखत म्हणालो, "आमचे बाबा अजून काळापहाडाच्या मागे धावताहेत." सगळे हसले, बाबाही हसले. पण त्यानंतर माझे मित्र आले की, बाबांच्या हातात वर्तमानपत्र असे आणि उशीचा एक कोपरा किंचित उचललेला दिसे. बाबा २०१६ साली गेले. उशीखाली काय आहे, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

त्या रात्री मी मामांना विचारले, "हीच बीअर का?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चवीसाठी नव्हे." कारखान्यात लागले तेव्हा तेथे ते एकटेच हिंदी. विनोद कळत नसत, बेसबॉल कळत नसे, मांसमच्छी चालत नसे. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायला साध्यासुध्या बीअरगृहात जाण्याचा परिपाठ आहे. एका शुक्रवारी फोरमनने त्यांना ओढून नेले, त्यांच्यासाठी बटाट्याची धिरडी मागवली आणि काही न विचारता पुढे हा डबा ठेवला. "त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. फोरमन गेला, पुढे कारखानाही गेला. डबा तेवढा राहिला."

मग श्लिट्झची गोष्ट सांगितली. एकेकाळची ती देशातली पहिल्या क्रमांकाची बीअर. मालकांनी वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी आंबवण्याचा काळ घटवला, जिनसा स्वस्त केल्या. शेवटी बीअरमध्ये कण तरंगू लागले आणि १९७६ साली लक्षावधी बाटल्या-डबे परत घ्यावे लागले. १९८१ मध्ये मिलवॉकीचा कारखाना बंद पडला. मामा म्हणाले, "स्वस्त असण्यात पाप नाही. फसवण्यात आहे. माझ्या डब्याने मला कधी फसवले नाही."

परीक्षेची कल्पना माझी. मास्तरला दुसरे काय सुचणार? १९६४ साली अ‍ॅलिसन आणि ऊल या दोघा अमेरिकन संशोधकांनी लोकांना चिठ्ठ्या काढलेल्या बाटल्या पाजून पाहिल्या होत्या. नाव झाकले तेव्हा आपल्या आवडत्या बीअरला पिणारे झुकते माप देईनात, नाव दिसताच देऊ लागले. मामींनी प्रत्येकासाठी स्टीलचे चार पेले मांडले, म्हणजे रंग कळू नये, आणि बुडाशी आकडे चिकटवले. त्यांत मामांची लाइट, दुसऱ्या कंपनीची लाइट, चिरंजिवांची पेल एल आणि त्यांचीच पिल्सनर. हिचे मूळ १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी बनलेल्या सोनेरी बीअरमध्ये. साऱ्या लाइटांची ती पणजीच.

मी दोन नंबरला ओल्या गवताचा वास येतो असे ठासून सांगितले. ती दुकानातली स्वस्तातली लाइट निघाली! मामांनी काढा वासावरूनच ओळखला आणि बाजूला सारला. पण आपली म्हणून त्यांनीही बोट ठेवले ते त्याच दोन नंबरवर. चौथा पेला मात्र त्यांनी तळापर्यंत संपवला. "हा बरा आहे. कोणाचा?"

मामींनी बूड पाहिले आणि चिरंजिवांकडे बोट केले.

"मग हा आधी का नाही पाजलास?"

"बाबा, सात वेळा बिघडली होती," चिरंजीव म्हणाले. "पेल एलमध्ये चूक झाली तरी हॉप्स झाकतात. हिच्यात लपायला जागाच नाही. आणि तुमच्या डब्यात तर त्याहून नाही. इतक्या ठिकाणी बनवून तीच चव रोज देतात, ते मला जन्मात जमणार नाही."

मामांची मान अशी काही ताठ झाली की, जणू ती स्तुती त्यांचीच. तथापि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला पुन्हा तोच पांढरा-निळा डबा. फरक एवढाच की, लोणच्याच्या बरण्या खालच्या कप्प्यात गेल्या होत्या. आणि मी निघण्याच्या आदल्या दिवशी मामा ब्रूअरीत गेले ते पाना घेऊनच. एका पंपातून थेंब थेंब गळत होते. त्यातली वायसर चुकीची बसवली आहे असे म्हणून ते दोन तास जमिनीवर बसून होते. चिरंजीव शेजारी बॅटरी धरून उभे.

पुण्यास परतल्यावर मी माळ्यावरची बाबांची ट्रंक उतरवली. पोस्टाच्या जुन्या कागदांखाली अर्नाळकरांचे एक पुस्तक निघाले, वाचनालयाच्या शिक्क्यासह. वाचनालय केव्हाच बंद पडले आहे. जेवणानंतर ते घेऊन बसलो. साडेअकराला सौ.ने दिवा मालवायला सांगितले, बाराला पुन्हा सांगितले. पुस्तकाच्या मध्यावर बाबांनी खूण म्हणून एस.टी.चे तिकीट घातले होते. ते जागच्या जागी ठेवून मी पान उलटले.