‘पॉश’ हा शब्द बोटीवर जन्मला नाही

‘पॉश’ या इंग्रजी विशेषणाची एक कहाणी मुंबईशी जोडली जाते. पी अँड ओ कंपनीच्या बोटी इंग्लंडहून सुएझमार्गे मुंबईला येत. येताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या केबिनना दुपारचे ऊन टळे. म्हणून धनिक प्रवासी त्याच केबिन घेत आणि त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरे छापलेली असत, असे सांगतात. पण असे एकही अस्सल तिकीट पुढे आलेले नाही आणि कंपनीच्या दप्तरातही या प्रथेचा पुरावा मिळालेला नाही. कालक्रमही कहाणीच्या विरोधात जातो. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. ‘थाटाचा’ या अर्थाने ‘पॉश’ छापील मजकुरात दिसतो तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तोही लष्करी संदर्भात. १९१८ च्या ‘पंच’ साप्ताहिकातील एका व्यंगचित्रात तरुण हवाई अधिकारी हा शब्द वापरतो आणि त्याच्या आईला अर्थ विचारावा लागतो. बोटीची कहाणी छापून आली ती त्याहून उशिरा, १९३५ मध्ये.

सावलीतल्या केबिनना खरोखरच पसंती असेल, असा आक्षेप येईल. असेलही, पण सवय होती म्हणून तिच्यावरून शब्द पडला, हे सिद्ध होत नाही. बोलीतले शब्द छापखान्यात उशिरा पोहोचतात, हेही खरे. तरी हा शब्द प्रवाशांचा असता, तर त्याच्या सुरुवातीच्या नोंदींत बोटी, केबिन, हिंदुस्थानचा प्रवास यांचा मागमूस लागायला हवा होता. शिवाय आद्याक्षरे जोडून उच्चारता येणारा शब्द घडवण्याची रीतच विसाव्या शतकाआधी इंग्रजीत दुर्मीळ होती.

अधिक विश्वासार्ह धागा लंडनच्या रस्त्यांवर सापडतो. एकोणिसाव्या शतकातील चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा पेनी, किरकोळ पैसा. तो रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, आणि रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली. १८९० च्या एका बोलीकोशात ‘पॉश’चे पैसा आणि छानछोकी करणारा माणूस असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. तिथून ‘थाटाचा’ हा अर्थ फार दूर नाही. तरीही मधला दुवा सिद्ध झालेला नसल्याने ऑक्सफर्ड कोश उगम अज्ञात मानतो, आणि ते योग्यच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याला आपल्या कार्यालयांत ‘पॉश’ म्हणतात, ते मात्र खरोखर आद्याक्षरांवरून. तिथे प्रत्येक अक्षरामागचा शब्द दाखवता येतो. व्युत्पत्ती सांगणाऱ्याकडे अशाच पुराव्याची मागणी केली पाहिजे. कहाणी कितीही नेटकी असली, तरी पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाही.