रोगाची वाट आणि आपला पहारा

भिवपुरीचा पाऊस ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला पाणी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पाठीशी सह्याद्रीचा कडा उभा. त्या कड्यावरील ठोकरवाडीच्या जलाशयाचे पाणी मोठमोठ्या नळांवाटे खाली येऊन १९२२ सालापासून टाटांच्या विद्युद्गृहाची चक्रे फिरवीत आले आहे. तेच पाणी पुढे राजनाल्याच्या कालव्याने कर्जत तालुक्यातील शेतांत उतरते. त्यामुळे आमच्या बाजूस पावसाळी भाताखेरीज कित्येक गावांत उन्हाळी भातही होते. सारांश, वर्षाचा बराच काळ येथील माणसाचे पाय चिखलात असतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

संसर्गजन्य रोग पसरतात कसे आणि त्यांना आवर घालावयाचा कसा, हा विषय शाळेत मी अनेक वर्षे शिकविला. जंतू, वाहक, लस, विलगीकरण हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. परंतु शिकविणे निराळे आणि समजणे निराळे, हे मला निवृत्तीनंतर, माझ्याच घरात, फार कठीण रीतीने कळले.

२०२१ सालच्या श्रावणातील गोष्ट. माझा पुतण्या शहरातील नोकरी घरी बसून करीत असल्याने त्या वर्षी गावीच होता. गडीमाणसांची वाण पडली म्हणून तो स्वतःच लावणीस उतरला. पायांना सवय नव्हती. आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. लावणी संपून आठवडा झाला नाही तोच त्याला हुडहुडी भरून ताप आला. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती आणि घरात लहानमोठी अकरा माणसे. थोरले बंधू वारल्यापासून घरातील वडीलकीचा मान माझ्याकडे आलेला. तेव्हा निर्णयही मीच दिला. मुलाला माडीवरच्या खोलीत एकटे ठेवले. ताट उंबऱ्याशी ठेवावयाचे, भांडी निराळी, कपडे निराळे, मुलांनी जिन्याकडे फिरकावयाचे नाही. बोटाला लावावयाच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा ९८ दिसला की आम्ही निःशंक होत असू.

दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, “भावोजी, त्याच्या पोटऱ्या फार ठणकताहेत हो. डोळेही लाल झालेत. डॉक्टरांना दाखवू या का?”

मी म्हणालो, “वहिनी, ताप म्हटला की अंग दुखायचेच. आपण त्याला नीट वेगळे ठेवले आहे ना? मग काळजी करू नका.”

आणि गुळवेलीचा काढा चालू ठेवला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला आणि लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा माझा धीर सुटला. कर्जतच्या डॉक्टरांनी त्याला पाहताच पहिला प्रश्न केला, “हा शेतात उतरला होता का?” हे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. पनवेलला न्यावयाची चिठ्ठी लिहिता लिहिता ते मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही मुलाला कोंडलेत. ज्याला कोंडायला हवे होते तो तुमच्या माळ्यावर मोकळाच आहे.”

मी विचारले, “कोण?”

“उंदीर,” ते म्हणाले.

तो रोग लेप्टोस्पायरोसिस होता. मळसूत्रासारखे पीळ असलेले त्याचे सूक्ष्म जंतू उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने राहतात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. त्याच्या मूत्रातून ते चिखलात व साचलेल्या पाण्यात उतरतात आणि ओलाव्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतात. गुरे, कुत्री आणि डुकरे यांच्याकडूनही ते पाण्यात येतात. माणसाच्या पायाला जखम, भेग किंवा चिखली असली की तेवढे दार त्यांना पुरते. डोळे व तोंड यांवाटेही ते शिरतात. शिरकावापासून ताप येईपर्यंत साधारणतः पाच ते चौदा दिवस लागतात, कधी अधिकही. ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना आणि लाल डोळे ही त्याची आरंभीची खूण. ती ओळखून औषध लवकर दिले तर रोग बहुधा साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड आणि फुफ्फुसे यांवर तो घाला घालतो. आणि मुख्य गोष्ट ही की, एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग सहसा होतच नाही! म्हणजे आम्ही तीन दिवस जो पहारा केला, तो ज्या वाटेने हा शत्रू येत नव्हता त्या वाटेवर केला. आणि ज्या वाटेने तो आला होता ती वाट उघडीच राहिली. मुलगा अकरा दिवस रुग्णालयात होता. दोन वेळा यंत्राने त्याचे रक्त शुद्ध करावे लागले. तो वाचला, ही ईश्वराची आणि त्या डॉक्टरांची कृपा. माझी नव्हे.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ही चूक काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका सबंध सरकारने हीच चूक केली होती.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्या भागात धान्याची मोठी कोठारे होती, आणि माणसे मरू लागण्यापूर्वी उंदीर मरून पडत आहेत हे लोकांच्या नजरेस आले होते. प्लेगचा जंतू यर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ साली हाँगकाँग येथे शोधून काढला होताच. जंतू ठाऊक होता, पण त्याची वाट ठाऊक नव्हती. मग काय झाले? गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक द्रावाने धुतली गेली. घरांची कौले काढली, सामान जाळले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि माणसांचा शोध सुरू झाला. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना उतरवून त्यांच्या काखा व जांघा चाचपण्यात येऊ लागल्या. मुंबईतून लक्षावधी लोक बाहेर पडले. पुण्याकडे जाणाऱ्यांची गाडी आमच्याच नेरळ-कर्जतावरून घाट चढत असे. माणसांची तपासणी झाली. पण धान्याची पोती व कपड्यांची गाठोडी यांतून उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा बिनबोभाट पुढे जात राहिल्या.

पुण्यात त्या वेळी काय घडले ते महाराष्ट्र जाणतो. रँडसाहेबाच्या हाताखालील गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, देवघरे व स्वयंपाकघरे तुडवली, रोग्यांना ओढून नेले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याचा सूड घेतला. राजकीय बाजू बाजूस ठेवून केवळ रोगाच्या दृष्टीने पाहिले तरी त्या जुलमाचा परिणाम उलटाच झाला. लोक रोगी लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले. जी साथ लोकांच्या विश्वासावाचून आवरत नाही, ती लोकांच्या भयाने कशी आवरावी?

उत्तर शोधणारी माणसे मात्र त्याच काळात शोधीत होती. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव मिरविते. १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले की प्लेग उंदराकडून उंदराकडे जातो तो पिसवांवाटे. कित्येक वर्षे त्याच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे ग्लेन लिस्टन व प्लेग आयोगाचे संशोधक यांनी मुंबईत प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. उघड्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीने झाकलेले प्राणी सुरक्षित राहिले. हवा एकच, घर एकच, जमीन एकच. मध्ये जाळी तेवढी अधिक. इतक्या साध्या प्रयोगाने रोगाची वाट उघडकीस आली. अर्थात प्लेग फुफ्फुसात उतरला म्हणजे तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडेही जातो, आणि तेव्हा रोग्याला वेगळे ठेवणे अवश्य असते. पण मुंबई-पुण्याच्या साथीत मुख्यत्वे गाठीचा प्लेग होता, आणि त्याचे मूळ उंदरात होते.

यावरून विलगीकरण निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. प्रत्येक रोगाची वाट वेगळी, म्हणून पहारा वेगळा, एवढाच याचा अर्थ आहे. देवीचा रोग केवळ माणसातच राहत असे. म्हणून रोगी शोधणे, त्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचणे या उपायाने तो समूळ गेला. हिंदुस्थानातील शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० साली सर्व पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पटकी पाण्यातून येते. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका पंपाची मूठ काढविली, ती याच कारणाने. हिवताप डासाच्या पोटातून येतो. त्याचा पत्ता रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत लागला. गोवर आणि करोना श्वासावाटे येतात. तेथे अंतर, मोकळी हवा आणि लस यांचेच काम. पटकीला मुखपट्टी आणि हिवतापाला विलगीकरण हे उपाय योजले, तर श्रम पुष्कळ होतील आणि रोग जागच्या जागी राहील.

संस्कृताचा विद्यार्थी म्हणून येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद अशा रोगांस औपसर्गिक म्हटले आहे, आणि स्पर्श, श्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे व माळा वापरणे यांनी ते एका माणसापासून दुसऱ्याकडे जातात असे सांगितले आहे. चरकाने विमानस्थानात जनपदोद्ध्वंस म्हणजे साऱ्या प्रांताचा नाश करणाऱ्या साथींचा विचार करताना वायू, जल, देश आणि काळ यांच्या बिघाडावर बोट ठेविले आहे. या दोघांचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण सूक्ष्मदर्शकावाचून जेवढे दिसणे शक्य होते तेवढेच त्यांना दिसले, हेही मान्य करावे.

आपल्यासारख्या घरांत आणखी एक समजूत असते. आपले सोवळेओवळे म्हणजेच पूर्वजांचे आरोग्यशास्त्र, असे आपण अभिमानाने म्हणतो. मीही म्हणत असे. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे, उष्टे न खाणे, या सवयी चांगल्या आहेत यात शंका नाही. परंतु खरे सांगावयाचे तर आमच्या सोवळ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसाला ओटीवर थांबविले आणि उंदराला थेट कोठीघरात येऊ दिले. ज्याला दूर ठेवावयाचे त्याला दूर ठेविले नाही. ज्याला दूर ठेवावयाचे काहीच कारण नव्हते, त्याला मात्र ठेविले.

मुलगा घरी आल्यावर आम्ही पहारा बदलला. कणग्या मोडून भात झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्यांत भरले. माळा रिकामा केला, बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजविली, गोठ्याचे पाणी वाहते केले, उष्टे-खरकटे रात्री उघडे ठेवणे बंद केले. पिंजरा आणला तेव्हा आमच्या वृद्ध काकू म्हणाल्या, “अरे, गणपतीचे वाहन ते!” मी म्हणालो, “काकू, वाहन दाराबाहेर उभे करायचे असते, माळ्यावर नव्हे.” त्या हसल्या आणि पिंजरा राहिला.

शेतासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. पहिल्या वर्षी ते घरच्यांपुरतेच आणले होते. पण लावणीस येणारी ठाकर व कातकरी वाड्यांवरील माणसे त्याच चिखलात अनवाणी उतरत होती, हे पाहून वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, आपल्या मुलाला तुम्ही उशिरा का होईना पनवेलला तरी नेलेत. यांना कोण नेणार?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या वर्षापासून लावणीच्या मजुरीबरोबर बूट आम्ही देतो. ज्यांना चिखलात बुटाने चालणे जमत नाही, त्यांच्या जखमा बांधून घेतो आणि आरोग्यसेविकेला बोलावून प्रतिबंधक गोळीविषयी विचारतो. ती गोळी कोणी घ्यावी व कोणी घेऊ नये हे डॉक्टरच सांगू शकतात. एकाच खाचराच्या पाण्यात मालक आणि मजूर दोघेही उभे असतात. जंतू सातबारा पाहत नाही.

वाचकांपैकी पुष्कळजण शहरांत राहतात. त्यांना हे शेतीचे पुराण वाटेल. तसे नाही. २००५ च्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत हाच रोग पसरला होता, आणि तो घोटाभर पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसांनाही झाला. १९९४ साली प्लेगने सुरतेत हाहाकार उडविला, तेव्हा त्या शहराने पुढे कचरा व गटारे यांवर असे काम केले की ते स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. तेथे पहारा योग्य ठिकाणी बसला होता.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. ताप आला की प्रथम आपला अनुभव सांगू नये, प्रथम विचारावे. हा माणूस गेल्या पंधरवड्यात कोठे गेला, कोणते पाणी प्याला, कशात उतरला, कोणाजवळ बसला, त्याला काय चावले? तीच उत्तरे डॉक्टरांना सांगावीत, आणि पावसाळ्यातील ताप असेल तर ती त्याच दिवशी सांगावीत. आमच्या घरी आता कोणाचे अंग कोमट लागले तरी वहिनी पहिला प्रश्न करतात, “पाय कुठे कुठे गेले होते?” हा प्रश्न त्यांनी मला त्या श्रावणात दुसऱ्याच दिवशी अप्रत्यक्षपणे विचारला होता. तो मी ऐकला नाही. हा लेख वाचून एखाद्या घरी तो वेळीच ऐकला गेला, तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.