नर्मदेवरील नौका आणि शासनाचे कर्तव्य

भारतातील नद्यांवर आगबोटींचे जाळे विणावे, असे स्वप्न एकोणिसाव्या शतकात अनेक इंग्रज अभियंत्यांनी पाहिले होते. रेल्वेपेक्षा जलमार्गच या गरीब देशाला परवडतील, असा सर आर्थर कॉटन यांचा आग्रह असे. गंगेवर 1834 पासून आगबोटींची वाहतूक सुरूही झाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्राकडे नेण्यासाठी सिरोंचा परिसरातील गोदावरी व प्राणहिता या नद्या आगबोटींना योग्य करण्याचे काम सरकारने हाती घेतले. परंतु पात्रातील खडकांनी खर्च वाढविला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1871 मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

खानदेशाच्या वाट्याला तेवढाही प्रयोग आला नाही. तापीचे काठ उंच आणि तळ खडकाळ. येथे नावेचा उपयोग मुख्यतः पैलतीर गाठण्यापुरता. नर्मदेत मोठ्या नावा पावसाळ्यात भडोचच्या वर सुमारे 100 किलोमीटरपर्यंत येत. त्यापुढे सातपुडा आणि विंध्य यांच्या कवेतील चिंचोळे, खडकाळ पात्र त्यांची वाट अडवी. वाफेची शक्ती या प्रदेशात आली ती पाण्यावरून नव्हे, तर रुळांवरून. सुरत-अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग 1900 मध्ये पूर्ण झाला आणि नंदुरबार सुरतेच्या बाजारपेठेशी जोडले गेले. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील नर्मदाकाठच्या पाड्यांना मात्र ना आगबोट मिळाली, ना आगगाडी.

निसर्गाने जे दिले नव्हते, ते पुढे सरदार सरोवराने दिले. पण त्याची किंमत जबर होती. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. महाराष्ट्रातील 33 गावे या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आली. 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. नदीकाठची शेते आणि पायवाटा पाण्याखाली गेल्या. जे डोंगरउतारावर मागे राहिले, त्यांच्यापैकी अनेकांना दवाखाना, बाजार वा रेशन गाठण्यासाठी नावेवाचून गत्यंतर उरले नाही. आगबोटींच्या युगात जिथे आगबोट येऊ शकली नाही, तिथे आज खोल पाणी आहे. उणीव आहे ती भरवशाच्या वाहतुकीची.

आरोग्य खात्याने या जलाशयात तरंगते दवाखाने चालविले, काही बोटीही शासनाने पुरविल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु बोट पुरविणे निराळे आणि सेवा चालविणे निराळे. सेवेसाठी वेळापत्रक हवे, प्रशिक्षित नावाडी हवा, डिझेल व दुरुस्तीची तरतूद हवी. शिवाय या जलाशयाची किमान पातळी 110.64 मीटर आहे, म्हणजे पाणी तब्बल 28 मीटर खाली-वर होऊ शकते. अशा ठिकाणी बांधीव धक्का निरुपयोगी ठरतो. पाण्याबरोबर सरकणारा तरंगता धक्काच उपयोगी पडतो. तो नसेल तर गर्भवती स्त्रीला चिखलातून उचलून नावेत बसवावे लागते.

हे काम खासगी नावाड्यावर सोपवून भागणार नाही. वस्ती विरळ, उतारू गरीब आणि खेपेचा खर्च मात्र नाव रिकामी असो वा भरलेली, जवळजवळ सारखाच. साहजिकच नाव भरेपर्यंत ती सुटत नाही आणि भरली तरी आणखी चार माणसे घेण्याचा मोह सुटत नाही. 15 जानेवारी 2019 रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत नाव उलटून माणसे दगावली. अशा दुर्घटनेनंतर गर्दीला दोष देणे सोपे असते. पण जिथे दिवसातून एकच खेप सुटते, तिथे गर्दी हा उतारूंचा अविचार नसून त्यांचा नाइलाज असतो.

1948 मध्ये एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हा प्रत्येक मार्ग नफ्यात चालला पाहिजे अशी अट कोणी घातली नव्हती. तोट्यातील मार्गाचा भार फायद्यातील मार्गांनी उचलावा, हेच सार्वजनिक वाहतुकीचे तत्त्व होय. तेच तत्त्व पाण्यालाही लागू पडते. 2016 च्या कायद्याने तापी व नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाल्या. परंतु घोषणेने नाव चालत नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यातच सापडते. सरदार सरोवराच्या विजेतील 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. ज्या पाण्याने ही वीज निर्माण होते, त्याच पाण्याने या पाड्यांच्या वाटा बुडविल्या. तेव्हा त्या विजेच्या मोलातील अल्पसा हिस्सा राखून वर्षभर चालणारी प्रवासी नौका, तरंगते धक्के आणि प्रत्येक उतारूसाठी जीवरक्षक जाकीट यांची सोय करणे हा उपकार नव्हे; ते थकलेले देणे आहे. ते फेडण्यास आणखी विलंब होता कामा नये.