इंजिनचं काम करून आणलं, तरी गाडी सुरू होईना! आधी काय तपासायचं?



आपल्या पशुसखी, कृषीसखी, बँक सखी यांच्यापैकी बऱ्याच जणी आता दुचाकीवर फिरतात. कुणाची स्कूटी, कुणाची नवऱ्याची नाहीतर दिराची जुनी मोटारसायकल. गाडी बंद पडली की गावभेट राहते, मानधन राहतं, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून या अंकात गाडीबद्दल लिहिते आहे.

घडलेली गोष्ट अशी. आपल्या एका पशुसखी ताईंकडे १०० सीसीची जुनी, किकची मोटारसायकल आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा, ऑइल सारखं कमी व्हायचं. गॅरेजवाल्याने सांगितलं, "बोअर-पिस्टन आणि वॉल्व्हचं काम करावं लागेल." ताईंनी गटातून ७,५०० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. गाडी तयार झाली, गॅरेजच्या दारात धक्का मारून सुरू झाली, घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काही केल्या सुरू होईना. त्याच दिवशी शेजारच्या पाड्यावर शेळ्यांच्या लसीकरणाला जायचं होतं. लस बर्फाच्या डब्यात, ताई अंगणात, गाडी स्टँडवर!

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "पुन्हा खोलावं लागेल, अडीच हजार घेऊन या." आणि संध्याकाळच्या मिटींगमध्ये कुणीतरी बोललंच, "बाईमाणसाने गाडीला हात लावला की असंच व्हायचं." ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मला वाटलं मीच सुरू करून दाखवते. चोक ओढून चाळीसेक किक मारल्या. गाडी सुरू झाली नाहीच, वर पेट्रोलचा भपकारा सुटला. शेवटी मामाला फोन लावला, त्याचं गॅरेज आहे. तो आधी हसला, मग म्हणाला, "पोरी, किक मारणं थांबव. इंजिनला तीन गोष्टी लागतात. त्या एकेक तपास." ते तपासणं मी खाली देते आहे.

इंजिनला काय लागतं?

चूल पेटवायला लाकूड, हवा आणि काडी लागते. इंजिनचंही तसंच आहे. पहिलं म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण. दुसरं म्हणजे प्लगची ठिणगी, तीही नेमक्या वेळी. तिसरी गोष्ट चुलीला लागत नाही, ती म्हणजे दाब. पिस्टन वर येताना मिश्रण घट्ट दाबतो, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. दाब नसला तर पेट्रोल आणि ठिणगी असूनही इंजिन सुरू होत नाही.

गाडी चालता चालता बंद पडली तर कारण काहीही असू शकतं. पण नुकतंच इंजिन खोललं असेल तर विचार असा करायचा: जे काढलं होतं, ते नीट बसलं का? जी वायर सोडवली, ती जोडली का? सोप्यापासून अवघडाकडे जायचं.

पायरी १: हात लावण्याआधी

- गाडी मोकळ्या हवेत घ्या. जवळ चूल, विडी, काडी नको.
- चावी चालू आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. हँडलला इंजिन बंद करायचं लाल बटण असेल तर तेही बघा.
- इंजिन ऑइल आहे का बघा. ऑइल नसताना सुरू झालेलं नवीन काम थोड्या वेळात खराब होतं.
- किक हळूच हाताने दाबा. मध्येच "टक" करून लोखंडावर लोखंड आदळल्यासारखी अडकली तर तिथेच थांबा. आत वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत असू शकतात. जोर लावला तर वॉल्व्ह वाकतो. अशा वेळी धक्का मारू नका, दोरी बांधून ओढू नका.

पायरी २: पेट्रोल येतंय का?

गॅरेजमध्ये टाकी उतरवतात, तेव्हा कॉक बंद करतात. तो बंदच राहिलेला असतो किंवा टाकीत पेट्रोलच उरलेलं नसतं. कॉक चालू करा, रिझर्व्हवर करून बघा. टाकी बसवताना पेट्रोलची नळी चेपली का तेही बघा.

मग कार्बोरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू थोडा सैल करून खाली बाटलीचं झाकण धरा. पेट्रोल गळलं म्हणजे तिथपर्यंत येतंय. स्क्रू पुन्हा घट्ट करा, सांडलेलं पुसा.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड हलवून बघा. सैल असेल तर तिथून जास्तीची हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. आणखी एक गंमत मामाने सांगितली. काम चालू असताना आत कचरा जाऊ नये म्हणून गॅरेजवाले तोंडात चिंधी कोंबतात. ती आतच राहिली तर इंजिन श्वास कसा घेणार?

पायरी ३: ठिणगी पडते का?

प्लगवरची रबरी टोपी नीट दाबून बसली आहे का बघा. मग टोपी काढून प्लग पान्याने प्लग सोडवा. प्लगकडे बघूनच बरंच कळतं:

- कोरडा: पेट्रोल आत पोचत नाही. पायरी २ पुन्हा करा.
- ओला, पेट्रोलचा वास: पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. माझ्या चाळीस किकनंतर प्लग असाच झाला होता.
- काळा, काजळी धरलेला: कापडाने पुसा. जुना असेल तर नवीन घ्या, तो फार महाग नसतो.

प्लग ओला असेल तर आत पेट्रोल जास्त झालं आहे. चावी आणि कॉक बंद, चोक बंद. प्लग बाहेर ठेवूनच ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किक मारा. आतलं पेट्रोल बाहेर उडेल, म्हणून तोंड लांब ठेवा. थोडा वेळ थांबा, सगळं वाळू द्या.

आता ठिणगी बघायची. प्लग टोपीत घाला आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. हात रबरी टोपीवरच ठेवा, धातूला लावला तर जोरात शॉक बसतो. चावी चालू करून दुसरीला किक मारायला सांगा. निळी, कडकड वाजणारी ठिणगी पडली तर ठीक. पिवळसर, अशक्त असेल किंवा पडतच नसेल तर वायरिंग बघायचं. सीटखाली आणि बाजूच्या झाकणाआड प्लास्टिकचे कप्लर असतात, इंजिन उतरवताना ते सोडवतात. एखादा अर्धवट राहिला किंवा अर्थची वायर बोल्टखाली घ्यायची राहिली, तरी ठिणगी जाते. हे आपल्यालाही दाबून बघता येतं.

प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवा. तिरका गेला तर आटे खराब होतात आणि नवीन खर्च उभा राहतो. नीट बसल्यावरच पान्याने घट्ट करा.

पायरी ४: दाब आहे का?

ताईंच्या गाडीला पेट्रोल येत होतं, ठिणगीही निळी होती. मामा म्हणाला, "आता किक हाताने दाब. कशी लागते?" ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. शेजारच्या दादांकडे त्याच जातीची गाडी होती. तिची किक दाबली तर मध्ये चांगली घट्ट लागली. फरक ताईंना स्वतःच्या हाताला कळला.

खात्री करायला प्लग काढला, चावी बंद ठेवली, भोकावर अंगठा दाबून धरला आणि ॲक्सिलरेटर पिळून किक मारली. चांगल्या इंजिनात हवा अंगठ्याला जोरात ढकलते. इथे नुसतं फुस्स. म्हणजे दाब कुठेतरी गळत होता.

नुकत्याच खोललेल्या इंजिनात दाब गळायची मुख्य कारणं अशी:

1. टॅपेट जास्त घट्ट: वॉल्व्ह म्हणजे इंजिनचं दार. ते पूर्ण बंद व्हायला टॅपेटमध्ये बारीकशी फट लागते, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. वॉल्व्ह घासून बसवले की ते थोडे वर सरकतात आणि ही फट कमी होते. म्हणून ग्राइंडिंगनंतर टॅपेट पुन्हा लावावेच लागतात, तेही इंजिन थंड असताना.
2. टायमिंग चेनचा दात चुकणं: वॉल्व्ह कधी उघडायचे हे चेन ठरवते. मॅग्नेटवर आणि वरच्या गिअरवर खुणा असतात, त्या जुळायला हव्यात. एखादा दात चुकला तर गाडी कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून "फाट" करते, पण धरत नाही.
3. रिंग किंवा पॅकिंग नीट न बसणं: यासाठी इंजिन खरंच खोलावं लागतं.

ही तिन्ही कामं गॅरेजची आहेत, घरी करू नका. पण यातलं पहिलं काम छोटं आहे, फक्त वरची झाकणं काढून होतं. सगळं इंजिन खोलायची गरज नाही. ताईंच्या अडीच हजारांचा प्रश्न इथेच होता.

गॅरेजवर काय बोलायचं?

"गाडी चालू होत नाही" एवढंच सांगितलं की समोरचा म्हणेल ते ऐकावं लागतं. या वेळी ताई टेम्पोत गाडी घालून गेल्या आणि म्हणाल्या, "पेट्रोल येतंय, ठिणगी निळी आहे, पण किक हलकी जाते. दाब नाही. आधी टॅपेट बघा. मग टायमिंगच्या खुणा मला दाखवा. त्याच्या पुढे खोलायचं असेल तर आधी विचारा."

गॅरेजवाला जरा गप्प झाला. झाकणं काढली तर टॅपेटमध्ये फटच नव्हती! त्याने फट लावली, खुणा जुळवून दाखवल्या, आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सुरुवातीला थोडा धूर आला. बसवताना लावलेलं ऑइल जळतं, तो थोड्या वेळात थांबला. काम त्याचंच अर्धवट राहिलेलं होतं, म्हणून पैसे घेतले नाहीत. ताईंनीही भांडण केलं नाही. ताईंचा खर्च फक्त टेम्पो भाड्याचा.

तुम्ही काम करायला देताना हे लक्षात ठेवा:

- काय काम, कोणते पार्ट, मजुरी किती, हे कागदावर लिहून घ्या. गटाच्या कर्जालाही तो कागद कामी येतो.
- काढलेले जुने पार्ट परत मागा.
- गाडी ताब्यात घेताना थंड इंजिनवर किकने सुरू करून दाखवायला सांगा. धक्का मारून सुरू झालेली गाडी घेऊ नका. ताईंची चूक एवढीच झाली होती.
- पूर्ण पैसे गाडी सुरू झाल्यावरच द्या.
- बोअर-पिस्टन नवीन असेल तर सुरुवातीला गाडी पळवू नका, जास्त ओझं नको. पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, किती किलोमीटरला ते विचारून घ्या.

नवी गाडी असेल तर

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन असतं. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा बारीक गुर्र आवाज येतो का ऐका. मीटरवर इंजिनचा दिवा सुरूच राहतो का बघा. अनेक नव्या गाड्या साईड स्टँड लावलेला असला तर सुरूच होत नाहीत, तो आधी वर करा. बॅटरी उतरलेली असली तरी या गाड्या अडतात. यांचं वायरिंग घरी उघडू नका.

पुढच्या मिटींगला ताई प्लग पाना पिशवीत घालूनच आल्या. हिशोब झाल्यावर त्यांनी अंगणात गाडी उभी केली आणि प्लग काढून, पुसून, परत बसवून सगळ्यांना दाखवला. बाईमाणसाच्या हाताबद्दल बोलणाऱ्या मावशी सगळ्यात पुढे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "माझ्या सुनेच्या स्कूटीला पण हाच पाना चालतो का गं?" ताई म्हणाल्या, "प्लग बघून सांगते. उद्या घेऊन या."

हे पान कापून गाडीच्या डिकीत ठेवा. आणि गटात कुणाच्या गाडीचं काम निघालं, तर पैसे देण्याआधी एकदा मिटींगमध्ये वाचून दाखवा.

तुमची,
प्रभाग समन्वयक