चारशे पट मोठे, पण मुळात केवढे?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की रुग्णाचे आणि नातेवाइकांचे डोळे थेट शेवटच्या ओळीवर जातात. वरच्या मजकुरातले मिलिमीटरचे आकडे सहसा कोणी वाचत नाही. पण ती शेवटची ओळ पुष्कळदा त्या आकड्यांवरच ठरलेली असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वस्तू प्रत्यक्षात केवढी आहे, या प्रश्नाचे उत्तर अचूक असावे लागते.

नेहमीच्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात खालचे भिंग ४० पटींचे आणि डोळ्याजवळचे १० पटींचे असेल, तर वस्तू ४०० पट मोठी दिसते. मात्र ‘४०० पट’ हे वस्तूचे माप नव्हे. दिसणारे चित्र किती फुगवले आहे, एवढेच त्यावरून कळते. मोबाइलवर त्याचा फोटो काढून तो बोटांनी ताणला की तो आकडाही निरर्थक होतो. म्हणूनच चांगल्या वैद्यकीय छायाचित्राच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ असते आणि तिच्याशेजारी ‘५० मायक्रॉन’ असे काही लिहिलेले असते. चित्र लहान-मोठे केले की रेघही त्याच प्रमाणात लहान-मोठी होते, त्यामुळे माप चुकत नाही.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी जेमतेम ७ ते ८ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीत अशा दहाएक पेशी शेजारी-शेजारी मावतील. सतराव्या शतकात डच संशोधक लेवेनहूक याच्याकडे आजच्यासारखी मोजपट्टी नव्हती. तो वाळूचे कण घेऊन त्यांच्याशी सूक्ष्म वस्तूंची तुलना करत असे. पॅथॉलॉजिस्ट आजही काहीसे तेच करतात, फक्त वाळूच्या कणाची जागा तांबड्या पेशीने घेतली आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एखादी रक्तवाहिनी आणि तिच्यात तांबड्या पेशी असतातच. शेजारच्या पेशीचे केंद्रक तांबड्या पेशीच्या तिप्पट मोठे दिसले की अनुभवी नजर तिथे थबकते.

नजरेचा अंदाज मात्र फसू शकतो, कारण काचपट्टीवर असतो तो ऊतीचा फक्त पातळ काप. तो ३ ते ५ मायक्रॉन जाड, म्हणजे बहुतेक पेशींपेक्षाही पातळ असतो. उकडलेल्या अंड्याच्या चकत्या केल्या तर मधल्या चकतीत मोठा पिवळा बलक दिसतो आणि टोकाच्या चकतीत तो दिसतच नाही. पेशीचेही तसेच होते. एखाद्या पेशीत केंद्रक दिसले नाही, याचा अर्थ ते नव्हतेच असा होत नाही. शिवाय फॉर्मालिनमध्ये आणि मेणात ठेवताना ऊती थोडी आकसते. त्यामुळे एकाच पेशीवरून निष्कर्ष न काढता अनेक पेशी पाहाव्या लागतात.

जिथे निदानाचा टप्पा ठरतो तिथे अंदाज चालत नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकाग्रंथी तपासतात. तिथे कर्करोगाच्या पेशींचा पुंजका ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठा नसेल, तर त्या ग्रंथीत आजार पसरला असे सहसा धरत नाहीत. ०.२ ते २ मिलिमीटर हा सूक्ष्म प्रसार आणि २ मिलिमीटरच्या पुढे मोठा प्रसार. आजाराची पायरी ठरवताना या सीमा वापरल्या जातात.

दुसरा प्रश्न आहे मोजणीचा. गाठ किती वेगाने वाढते हे पाहण्यासाठी विभाजित होत असलेल्या पेशी मोजतात. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोल भागाला ‘फील्ड’ म्हणतात, आणि ‘दहा फील्डमध्ये इतक्या पेशी’ असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. पण सगळ्या सूक्ष्मदर्शकांचे फील्ड सारखे नसते. ४० पटींच्या भिंगातून एका यंत्रात ०.४५ मिलिमीटर व्यासाचा गोल दिसतो, तर दुसऱ्यात ०.५५ मिलिमीटरचा. फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ जवळपास दीडपट होते. समजा, गाठीत दर चौरस मिलिमीटरला अशा ५ पेशी आहेत. पहिल्या यंत्रावर दहा फील्डमध्ये ८ मोजल्या जातील आणि दुसऱ्यावर १२. गाठ तीच, पण आकडा वेगळा! म्हणूनच आता चौरस मिलिमीटरमध्ये मोजण्यावर भर आहे. पचनमार्गातल्या ‘जिस्ट’ या गाठीत ५ चौरस मिलिमीटर भागात अशा ५ पेशींपर्यंत एक गट आणि त्याहून जास्त असतील तर दुसरा, अशी विभागणी करतात.

यासाठी लागणारे साधन साधेच आहे. एका काचपट्टीवर १ मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग कोरलेले असतात, त्यातला प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. ही पट्टी भिंगाखाली ठेवून नेत्रभिंगातल्या रेघांशी जुळवली की त्या भिंगापुरते माप पक्के होते. भिंग किंवा यंत्र बदलले की पुन्हा जुळवावे लागते.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना रुग्णाने केवळ रिपोर्टचा कागद नेऊ नये. प्रयोगशाळेकडून मूळ काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत. दोन रिपोर्टमधले आकडे जुळत नसतील, तर ते फील्डमध्ये मोजले की चौरस मिलिमीटरमध्ये, हे आधी विचारावे. आकड्यातला फरक आजारातला आहे की यंत्रातला, हे त्यावरून कळू शकते.