मुलीला पुन्हा कॉलेजला पाठवताना

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची थोरली मुलगी मुंबईत हॉस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती चिपळूणला घरी आली आणि आठवडाभर रोज जेमतेम दोन-तीन तास झोपली. पहाटे तीनला उठून नोट्स काढायची, धाकट्या भावाला उठवून गणित शिकवायची, अरबी आणि कोडिंग दोन्ही एकदम शिकायला घेतलं होतं. बोलणं इतकं भरभर की मध्ये कुणाला शब्द टाकता येऊ नये. आम्ही दोघंही शिक्षक. पोरीला अभ्यासाची गोडी लागली असं समजून आम्ही तिला शाबासकी दिली, फुफीला फोन करून कौतुकानं सांगितलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी हॉस्टेलमधून फोन आला. स्कॉलरशिपचे सगळे पैसे तिनं अनोळखी मुलींना पुस्तकं वाटण्यात घालवले होते आणि रात्री गच्चीवर उभी राहून ती मोठमोठ्यानं भाषण करत होती. आम्ही तिला घरी आणलं. मग जानेवारी आणि फेब्रुवारी ती अंथरुणातून उठली नाही. आंघोळ नाही, जेवण नाही, एकदा म्हणाली, "अम्मी, मी नसते तर बरं झालं असतं." परीक्षा बुडाली.

दादीचं म्हणणं, नजर लागली. फुफीचं म्हणणं, शिक्षण थांबवा, निकाह लावून द्या, सगळं ठीक होईल. आम्ही दोन ठिकाणी दम करून आणलं. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्यात पाच आठवडे गेले आणि तोवर डॉक्टर गाठला नाही. मुलानं किंवा मुलीनं मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रात्र असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रत्नागिरी, ठाणे, पुणे आणि नागपूरला शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावानं घाबरू नये.

मानसोपचारतज्ज्ञांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर डिसऑर्डर. मन काही आठवडे उधाणावर, मग काही आठवडे किंवा महिने तळाशी. बऱ्याच जणांना तो कॉलेजच्या वयातच पहिल्यांदा गाठतो. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. आईबाप मुलाला उदास असतानाच दवाखान्यात आणतात आणि आधीच्या उधाणाचं सांगत नाहीत, कारण त्यांना तो आजार वाटलेलाच नसतो. मग नुसती उदासीची गोळी सुरू होते आणि तिनं उलट उधाण येऊ शकतं. आम्हीही ते सांगणार नव्हतो. त्यांनी झोपेबद्दल विचारलं म्हणून दिवाळी आठवली.

औषध लिथियम. फार जुनं, ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. पण ते मोजूनमापून घ्यावं लागतं. रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही तपासणी करावी लागते. अंगातलं पाणी कमी झालं की प्रमाण चढतं. हे आम्हाला सांगितलेलं होतं, तरी औषधं सुरू झाल्यावरच्या पहिल्या रमजानमध्ये तिनं हट्टानं रोजे धरले आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता ते धरू दिले. सहाव्या दिवशी हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. रक्तातलं प्रमाण बरंच चढलेलं निघालं. शिवाय सहेरीसाठी रोज झोप मोडत होती, ते वेगळंच. ती खूप रडली. आजाऱ्याला मुभा आहे, सूरह बकरामध्येच आहे, हे आमच्या इमामसाहेबांनी घरी येऊन तिला समजावलं तेव्हा कुठे शांत झाली.

आता कॉलेजचं. पहिल्या कॉलेजला आम्ही "टायफॉइड" म्हणून कळवलं होतं. पुढे हजेरीचा प्रश्न आला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसराच आजार. आमचं खोटं आमच्याच अंगाशी आलं, वर्ष वाया गेलं. एक वर्ष घरी राहिल्यावर तिनंच सांगितलं, मला परत जायचंय. या वेळी घराजवळचं कॉलेज घेतलं आणि तिच्या संमतीनं एकाच प्राध्यापिकेला सगळं खरं सांगितलं. सगळ्या स्टाफला नाही. मॅडमनी सकाळच्या प्रॅक्टिकलऐवजी दुपारची बॅच मिळवून दिली, कारण रात्रीच्या गोळ्यांमुळे तिला सकाळी लवकर उठवत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. परीक्षेला जादा वेळ वगैरे सवलती त्यात आहेत. आरक्षणासाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही कागद जमवायला लागलो, तर ती म्हणाली, "सध्या कार्ड नको." ती वीस वर्षांची आहे. आम्ही फाइल कपाटात ठेवली.

सगळ्यात कामाला आली ती एक वही. प्रवेश घेण्याआधी, तब्येत चांगली असताना, तिनंच एका पानावर लिहिलं. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर मी स्वतः डॉक्टरांना फोन करीन, नाही केला तर अम्मी करतील. एटीएम कार्ड अब्बूंकडे देईन. मॅडमना कोण कळवणार तेही लिहिलं. परीक्षा असली तरी अकराला दिवा बंद. ही अट आम्हा शिक्षकांना जड गेली, रात्र-रात्र जागणाऱ्या मुलांचं कौतुक करण्यात आमची हयात गेली. खाली तिनं आमच्यासाठी दोन ओळी लिहिल्या: पाहुण्यांसमोर गोळ्या मोजायच्या नाहीत, आणि मी हसले की "गोळी घेतलीस का?" विचारायचं नाही.

दुसरी ओळ आम्ही किती वेळा मोडली असेल! मैत्रिणीच्या लग्नाहून खुशीत आली तरी आमचे कान टवकारलेले. एकदा चिडून म्हणाली, "अम्मी, मला आज आनंद झालाय, आजार नाही."

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र झोप खरंच घटली. तिसऱ्या दिवशीही तिनं फोन केला नाही, वर म्हणाली, ते पान मी उगाच लिहिलं. आम्ही वही उघडून तिच्यासमोर ठेवली. तिचंच अक्षर होतं. अर्धा तास ती आमच्याशी बोलली नाही, मग कार्ड टेबलावर ठेवून आत गेली. डॉक्टरांनी औषध वाढवलं. हॉस्पिटलात दाखल करावं लागलं नाही. दोन विषय राहिले, एटीकेटी लागली.

आता तिसरं वर्ष चालू आहे, दोन्ही विषय सुटले. काल तिनं कार्ड परत मागितलं. अब्बू म्हणाले, सोमवारी डॉक्टरांची तारीख आहे, तिथे विचारू. ती म्हणाली, वहीत तसं लिहिलेलं नाही. वही काढून पाहिली. खरंच नव्हतं. कार्ड दिलं.