महागडं जहाज घेतलं म्हणून लढाई जिंकता येत नाही! ‘ईव्ह ऑनलाईन’मध्ये नेमकं काय चालतं?

बीजीएमआयमध्ये तुम्ही मेलात तर काय होतं? दोन शिव्या हासडायच्या, लॉबीत यायचं आणि पुढची मॅच लावायची. बंदूक गेली, हेल्मेट गेलं, तरी फरक पडत नाही. पुढच्या मॅचला सगळेच रिकाम्या हाताने उतरतात.

‘ईव्ह ऑनलाईन’मध्ये तसं नाही. आइसलँडच्या सीसीपी गेम्सने २००३ मध्ये आणलेल्या या अंतराळातल्या गेममध्ये जहाज फुटलं की गेलं, कायमचं. महिनाभर दगड फोडून, माल विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेलं असो, नाहीतर कालच घेतलेलं असो. विम्याचे थोडे पैसे मिळतात, पण जहाजावर बसवलेल्या सामानातलं जे स्फोटातून वाचतं ते समोरचा उचलून नेतो.

जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या ठिकाणी सुमारे २१ तास लढाई चालली. त्यात ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात अवाढव्य जहाजं, फुटली. नुकसानीचा हिशोब खऱ्या पैशात केला तेव्हा तो तीन लाख डॉलरच्या घरात गेला. कारण काय, तर त्या जागेचं भाडं वेळेवर भरलं गेलं नव्हतं!

आता इतकं पणाला लागत असेल तर नवीन खेळाडू काय करतो? पैसे साठवतो आणि झेपेल तेवढं मोठं जहाज घेतो. बॅटलशिप. तोफा मोठ्या, कवच जाड. मग एखादं चिल्लर फ्रिगेट येतं आणि त्याला जागेवरच अडकवून ठेवतं.

हे कसं होतं? आकाशात लांबून जाणारं विमान बघा. ताशी आठशे किलोमीटरने जात असतं, पण तुमची मान हळूहळूच वळते. आता तीच मान तुमच्याभोवती दोन फुटांवरून गोल फिरणाऱ्या बाईककडे वळवून दाखवा. बॅटलशिपच्या तोफांचं हेच दुखणं आहे. त्या सावकाश वळतात आणि मोठ्या निशाण्यासाठी बनवलेल्या असतात. लहान जहाज जवळून घिरट्या घालायला लागलं की गोळे नुसते वाया जातात. फ्रिगेट एकट्याने बॅटलशिप फोडेलच असं नाही, पण पळू देत नाही, आणि तोपर्यंत त्याचे मित्र येतात.

या पळू न देण्यावरच सगळा खेळ आहे.

ईव्हमध्ये लांब जायचं तर ‘वार्प’ करावं लागतं. समोरच्याचा वार्प बंद पाडणारी दोन यंत्रं असतात. चांगल्या प्रतीचा डिसरप्टर साधारण २४ किलोमीटरवरून काम करतो. स्क्रॅम्बलर जेमतेम ९ किलोमीटरवरून, पण तो वार्पसोबत समोरच्याचं मायक्रोवार्पड्राइव्हही, म्हणजे सगळ्यात वेगवान इंजिनही, बंद पाडतो. कुठलं यंत्र बसवायचं हे ठरवलं की तुम्ही कसे लढणार हेही ठरून जातं.

स्क्रॅम्बलरवाला अंगावर जाणारा. जवळ घुसायचं, ‘वेब’ टाकून समोरच्याचा वेग निम्म्याहून खाली आणायचा आणि ठोकायचं. डिसरप्टरवाला गनिमी काव्याचा. वीसेक किलोमीटरचं अंतर राखून पळत राहायचं आणि लांब पल्ल्याचा दारूगोळा मारायचा. या दोघांची गाठ पडली की निकाल अंतर लावतं. लांबच राहिले तर पहिल्याला एक धड वार न करता मरावं लागतं. एकदा ९ किलोमीटरच्या आत आले, की दुसऱ्याचं इंजिन बंद आणि खेळ खल्लास.

मग अंगावर जाणाऱ्याने करायचं काय? इथे एक मस्त युक्ती आहे. पाठलाग सोडून सरळ उलट दिशेला पळायचं. समोरच्याने बऱ्याचदा ‘ठरावीक अंतर राख’ हे बटण दाबून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याचं जहाज आपोआप मागे वेगात धावतं. त्याने वेग पकडला की झटकन वळायचं. त्याला थांबायला वेळ मिळत नाही आणि तो स्वतःच्याच पायाने पल्ल्यात येतो. स्क्रॅम्बलर काही क्षण तापवला तर त्याचा पल्ला थोडा वाढतो. जास्त तापवला तर जळतो.

अर्थात, हे सगळं समोर कोण आहे हे आधी कळलं तरच. त्यासाठी डायरेक्शनल स्कॅनर असतो. आसपास कुठली जहाजं आहेत ते तो सुमारे १४ खगोलीय एककांपर्यंत दाखवतो. (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर.) मुरलेला खेळाडू हे बटण दर काही सेकंदांनी दाबत असतो. एखादं गबाळं, एकटं जहाज उघड्यावर आरामात उभं दिसलं, तर तो खूश होत नाही, आधी संशय घेतो. ते आमिष असतं. तुम्ही झडप घातली की ते तुम्हालाच धरून ठेवतं आणि त्याचे पाच भाऊ उतरतात.

सुरक्षित भागात तरी धोका नसेल ना? तिथे ‘कॉनकॉर्ड’ नावाचे पोलीस आहेत. हल्लेखोराला ते हमखास फोडतात, पण तुम्हाला वाचवतीलच असं नाही. म्हणून काही टोळ्या स्वस्तातली कॅटॅलिस्ट जहाजं घेऊन मालाने भरलेल्या महागड्या जहाजावर तुटून पडतात. स्वतःची जहाजं जाणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. खर्च वजा जाता माल सुटला की झालं.

जुन्या खेळाडूंचा पहिला नियम यातूनच आला आहे. जे गमावणं परवडत नाही, ते उडवू नका. नवख्याने रिफ्टर, मर्लिन, इन्कर्सस यांसारखी साधी फ्रिगेट्स एकदम दहा घ्यावीत आणि दहाही फुटणार असं समजून बाहेर पडावं. आमच्या मते एका बॅटलशिपपेक्षा ही दहा जहाजं जास्त शिकवतात, कारण हात थरथरणं चौथ्या-पाचव्या लढाईनंतरच थांबायला लागतं.

शिवाय प्रत्येक वेळी जहाज फुटल्यावर ‘किलमेल’ येतो. कोणी मारलं, कशाने मारलं, किती नुकसान केलं आणि तुमच्या जहाजावर काय काय बसवलेलं होतं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो वाचायचा. आणि त्याआधी चॅटमध्ये दोन अक्षरं टाकायची, जीएफ. म्हणजे गुड फाइट. जिंकणाराही टाकतो, हरणाराही. मग बऱ्याचदा जिंकणाराच सांगतो, तुझं नेमकं काय चुकलं ते.